तीन बॅगा की एक? पानगळीतल्या क्रूझसाठी कपडे

प्रश्न: ताई, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मी आणि माझे यजमान क्यूबेक सिटीहून बॉस्टनपर्यंत दहा रात्रींच्या क्रूझवर निघतोय. वाटेत शार्लटटाउन, सिडनी (कॅनडातलं), हॅलिफॅक्स, सेंट जॉन आणि बार हार्बर ही बंदरं आहेत. हवामानाचा अंदाज बघावा तर कुठे ४ अंश, कुठे १८, एका दिवशी ऊन तर दुसऱ्या दिवशी पाऊस. मला थंडी अजिबात सोसत नाही. पलंगावर काढून ठेवलेले कपडे तीन मोठ्या बॅगांतही मावायचे नाहीत. हे म्हणतात, एक जाड जाकीट घेतलं की झालं. शिवाय दोन रात्री औपचारिक पोशाखाच्या आहेत. काय न्यावं, काय ठेवावं?

उत्तर: तुमच्या यजमानांचं ‘एक’ बरोबर आहे, ‘जाड’ मात्र चुकलं. आणि तुमची थंडीची धास्ती रास्त असली, तरी पलंगावर मांडलेल्यातलं निम्म्याहून अधिक परत कपाटात जाणार आहे. रागावू नका, कारण सांगते.

तुम्ही बघितलेले आकडे गावांचे आहेत. ऑक्टोबरात क्यूबेक सिटीला भर दुपारी सरासरी ११ अंशांच्या आसपास असतं आणि पहाटे २-३. हॅलिफॅक्सला दुपारी १३-१४. बॉस्टनला पोचेपर्यंत १६-१७. तुम्ही महिन्याच्या सुरुवातीला जाताय, म्हणजे याहून थोडं उबदारच. नुसते हे आकडे बघितले तर घाबरण्यासारखं काही नाही. पण त्यांत वारा धरलेला नाही, आणि तुम्ही असणार डेकवर. जहाज २० नॉटने चाललं असेल तर ते ताशी ३७ किलोमीटर झाले. बाहेर हवा अगदी पडलेली असली तरी पुढच्या डेकवर उभ्या माणसाच्या तोंडावर तेवढा वारा येतोच. समोरून खराखुरा वारा असेल तर तो त्यात मिळवायचा. वाऱ्यामुळे थंडी किती जास्त जाणवते याचं एक सूत्र अमेरिका आणि कॅनडात वापरतात. त्याप्रमाणे १० अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा असला की अंगाला ६ अंश जाणवतात, आणि हवा ५ अंशांची असेल तर तोच वारा तुम्हाला उणे १ च्या घरात नेतो. सेंट लॉरेन्स नदीच्या काठावरची लाल-पिवळी झाडं बघायला सगळे जमतात ते नेमके तिथेच, जहाजाच्या पुढच्या टोकाला.

तेव्हा तुमची गाठ थंडीशी कमी आणि वाऱ्याशी जास्त आहे, आणि वाऱ्याच्या जोडीला पाऊस. विणलेला स्वेटर कितीही जाड असो, वारा त्याच्या टाक्यांतून सरळ आत येतो. म्हणून चार स्वेटर नेणारी माणसं डेकवर कुडकुडत असतात आणि शेजारी एक स्वेटर व एक पातळसं जाकीट घातलेला माणूस निवांत फोटो काढत असतो. बॅगेतली जागा आणि पैसे दोनच गोष्टींवर सैल हाताने खर्च करा: सगळ्यात बाहेरचं जाकीट आणि पायातले बूट. बाकी सगळ्यात चिकटपणा करा.

जाकीट पातळच हवं, अस्तर नसलेलं किंवा नावापुरतं असलेलं. ऊब देणं हे त्याचं काम नाही, वारा आणि पाणी अडवणं हे त्याचं काम. लेबल नीट वाचा. ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेलं जाकीट भुरभुर सोसतं, पण तासभर पाऊस लागला की खांद्यांवरून झिरपायला लागतं. ‘वॉटरप्रूफ’ घ्या, आणि आतून उलटं करून बघा: शिवणींवर पट्टी चिकटवलेली हवी. सुईची भोकं उघडी राहिली तर चांगल्या कापडाचाही उपयोग होत नाही. लांबी कमरेच्या बरीच खाली असावी, म्हणजे ओल्या बाकावर टेकता येतं. टोपी जाकिटालाच जोडलेली, पुढे कडक झापड असलेली आणि दोरीने आवळता येणारी; न आवळलेली टोपी वाऱ्याने मागे उडते आणि पाऊस मानेवरून पाठीत उतरतो. माप बघायला जाताना अंगात स्वेटर घालूनच जा, आणि जाकीट चढवल्यावर दोन्ही हात वर करून बघा. घरी आणल्यावर ते घालून पाच मिनिटं शॉवरखाली उभ्या राहा. घरचे हसतील, हसू द्या. गळकं निघालं तर ते हॅलिफॅक्सला कळण्यापेक्षा न्हाणीघरात कळलेलं बरं.

छत्री नेऊ नका. बंदराच्या धक्क्यावर ती पहिल्याच झोतात उलटी होते, आणि ती सांभाळण्यात जो हात अडकतो तोच ओल्या जिन्यावर कठडा धरायला हवा असतो. प्लास्टिकचा पोंचोही नको, वाऱ्यात तो तोंडावर येतो.

आता जाकिटाच्या आतलं. एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ थर चांगले, कारण ऊब धरते ती थरांमधली कोंडलेली हवा, आणि थर एकेक करून उतरवता येतात. अंगालगतचा थर सुती नको. सूत घाम पिऊन घेतं आणि सुकायचं नाव घेत नाही; चढण चढून वर वाऱ्यात थांबलात की तोच ओलावा पाठ गार करतो. मेरिनो लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओल धाग्यात मुरवून घेते आणि तरी अंगाला चिकट लागत नाही. तिला वासही लवकर धरत नाही, म्हणून एकच थर्मल दोन-तीन दिवस घालता येतं. लोकर टोचत असेल तर पॉलिएस्टरचं थर्मल घ्या, फक्त ते रोज खंगाळावं लागेल. त्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट किंवा टॉप, आणि त्यावर फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचं जाकीट) किंवा बारीक विणीचा लोकरी स्वेटर. हा स्वेटर डोक्यातून घालायचा नको, पुढून चेनचा घ्या. का ते पुढे सांगते. खास तुमच्यासाठी, थंडी सोसत नाही म्हणून, एक बिनबाह्यांचं पफर, म्हणजे आत भराव असलेलं फुगीर जाकीट आणखी. छाती-पाठ उबदार राहिली की हातपायही लवकर गारठत नाहीत, आणि बाह्या नसल्यामुळे ते वरच्या जाकिटात कोंबल्यासारखं होत नाही. पिसांचं असेल तर भिजू देऊ नका. पिसं ओली होऊन गोळा झाली की ऊब गेली. कृत्रिम भरावाच्या पफरला ती काळजी तितकी नसते.

पायांना मात्र लोक विसरतात. वर पाच कपडे आणि खाली एक पातळ पँट, असं ध्यान दर बंदरावर दिसतं. पटकन सुकणाऱ्या कापडाच्या दोन पँट आणि आतून घालायला थर्मलची एक जोडी, एवढं पुरे. जीन्सबद्दल माझं मत कडक आहे: या प्रवासात ती घरी राहावी. जड असते, जागा खाते, आणि एकदा भिजली की केबिनमध्ये दुसऱ्या दिवशीही दमटच असते. यजमानांनी हट्ट धरला तर एक, आणि तीही प्रवासात अंगावर घालून.

पुढच्या चेनचं कारण असं. क्यूबेकला जहाजावर चढण्याआधी तुम्ही शातो फ्रॉन्तनाक या जुन्या हॉटेलसमोरच्या ड्यूफरिन टेरेसवर जालच. नदीच्या वर उंचावर असलेला तो लाकडी फळ्यांचा लांबलचक सज्जा, तिथे वारा अडवायला काही नाही. दहा मिनिटांत कान दुखायला लागतात. तिथून जिने उतरून पेती शाँप्लॅनच्या गल्लीत आलात की दोन्ही बाजूंना दगडी घरं, वारा गायब, आणि उतरण्याच्या श्रमाने अंग तापलेलं. मग कुठल्याशा दुकानात किंवा कॅफेत शिरता, आत हीटर जोरात. तासाभरात तीन हवा होतात. प्रत्येक वेळी डोक्यातून स्वेटर काढणं म्हणजे चष्मा, केस, कानातलं, सगळ्याचा गोंधळ. पुढून चेन असली की चालता चालता उघडता येते, लावता येते. काढलेले कपडे ठेवायला पाठीवरची छोटी सॅक घ्या आणि तिच्या आत एक साधी प्लास्टिकची पिशवी. बहुतेक सॅक पावसात गळतात.

ही सॅक बार हार्बरला तर हवीच हवी. तिथे मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत. फ्रेंचमन बेमध्ये नांगर टाकतात आणि लहान होड्यांतून माणसांना काठावर नेतात. रांगा असतात, त्यामुळे स्वेटर राहिला म्हणून परत केबिनमध्ये जाऊन आणण्याची सोय नाही; सकाळी जे घेऊन उतरलात त्यावरच दिवस काढायचा. आणि बहुतेकांचा दिवस जातो कॅडिलॅक माउंटनवर. उंची फक्त ४६६ मीटर, त्यामुळे लोक ते हलक्यात घेतात. पण माथ्यावर खालच्यापेक्षा साधारण ३ अंश कमी असतात, आणि वर जवळपास सगळा उघडा ग्रॅनाइट, आडोशाला झाड नाही. गावात ऊन खात बसलेली माणसं बसमधून वर येतात आणि पाच मिनिटांत परत बसमध्ये जाऊन बसतात. तुम्ही तसं करू नका, वरून दिसणारी बेटं पाच मिनिटांत बघून व्हायची नाहीत.

बुटांबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण कपड्यांत कमी-जास्त झालं तर भागतं, बुटांत नाही. हॅलिफॅक्सहून सहलीच्या बस पेगीज कोव्हला जातात. दीपगृहाभोवती प्रचंड ग्रॅनाइटचे खडक आहेत, आणि काळ्या, ओल्या खडकांवर पाऊल ठेवू नका असे फलक तिथे ठळकपणे लावलेले आहेत. ते गंभीरपणे घ्या. लाटा अचानक वर येतात आणि माणसं ओढली गेलेली आहेत. कोरड्या खडकांवर हिंडायलाही तळवा पकड घेणारा हवा, गुळगुळीत सोलचे फॅशनचे बूट तिथे कामाचे नाहीत. सेंट जॉनला फंडीच्या उपसागराची भरती-ओहोटी आहे, जगातली सगळ्यात मोठी; उपसागराच्या टोकाला पाणी १६ मीटरपर्यंत चढतं-उतरतं. ओहोटीच्या वेळी सेंट मार्टिन्सच्या समुद्री गुहांपर्यंत चालत जाता येतं, म्हणजे ओले गोटे, शेवाळ, मधूनच डबकी. अशा ठिकाणी कापडी स्पोर्ट्स शूज घालून गेलात तर पहिल्या डबक्यात मोजे भिजतात, आणि भिजलेला बूट केबिनमध्ये रात्रभरात सुकत नाही. पुढचा दिवस ओल्या बुटात.

म्हणून घोट्यापर्यंतचे, वॉटरप्रूफ, खोल नक्षीच्या तळव्याचे चालायचे बूट. नवे घेणार असाल तर आजच घ्या आणि निघेपर्यंत रोज घालून चाला. जाड लोकरी मोजे घालूनच माप बघा. बोटं आत हलली पाहिजेत, कारण घट्ट बुटात हवा राहत नाही आणि पाय जास्त गार पडतात. हे बूट बॅगेत भरू नका, विमानात पायातच असू द्या. दुसरी जोडी रात्रीच्या जेवणाची, सपाट किंवा अगदी ठेंगण्या टाचेची. समुद्र खवळलेला असताना उंच टाचांवर जिना उतरणं हा स्वतंत्र खेळ आहे. तिसरी जोडी नको. केबिनमध्ये घालायला पातळ सपाता घेतल्यात तर त्या मी मोजत नाही.

कानटोपी, गळ्याला मफलर आणि हातमोजे यांना जागा लागत नाही, तेव्हा घासाघीस न करता घ्या. मफलरऐवजी गळ्यात अडकवायची नळीसारखी पट्टी मिळते ती जास्त चांगली, उडून जात नाही. हातमोजे बोटांनी फोन चालवता येईल असे. आणि गॉगल, थंडीत विसरतात तो, पाण्यावरचं कलतं ऊन डोळ्यांत घुसतं.

आता तुमच्या पलंगाकडे वळू. मला शंका आहे की तुम्ही बंदरागणिक एक जोड काढलाय: क्यूबेकचा वेगळा, हॅलिफॅक्सचा वेगळा. असं असेल तर ते मोडा. या भागात चक्रीवादळांचा मोसम ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो. २०२२ मध्ये २४ सप्टेंबरला फियोना वादळ नोव्हा स्कॉशियाला, म्हणजे हॅलिफॅक्स ज्या प्रांतात आहे तिथे, येऊन धडकलं होतं. तुमच्या वेळी तसं होईल असं मुळीच नाही, पण वारा-लाटा बघून कप्तान एखादं बंदर गाळतो, क्रम बदलतो किंवा दिवसभर समुद्रातच ठेवतो, हे पानगळीच्या फेऱ्यांत धरून चालायचं. बंदरांवर बेतलेले कपडे मग भलत्याच दिवशी भलत्याच हवेत येतात. कुठलाही वरचा कपडा कुठल्याही पँटवर जाईल आणि सगळे मिळून एका जाकिटात मावतील, एवढीच अट ठेवा. फोटोंत तेच जाकीट दिसेल, हो. उठावदार रंगाचं घ्या, गर्दीत यजमानांना सापडाल.

संध्याकाळचा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. दोन औपचारिक रात्रींना ठेवणीतला एकच पोशाख दोनदा घाला, वरची शाल आणि दागिना बदला. यजमानांना गडद ब्लेझर, एक चांगला शर्ट आणि गडद पँट. किती कडक नियम आहेत ते कंपनीगणिक बदलतं, तिकिटाच्या कागदपत्रांत दिलेलं असतं. नटायचा कंटाळा आलाच तर बुफे सहसा उघडा असतो आणि तिथे कोणी विचारत नाही. बाकीच्या रात्री एक काळी पँट आणि आलटून पालटून दोन-तीन टॉप. शाल मात्र रोज जवळ असू द्या. जहाजावरची नाट्यगृहं आणि जेवणाची दालनं वातानुकूलित असतात आणि तिथली थंडी डेकपेक्षा वेगळी, बसल्या जागी हळूहळू चढणारी. पोहण्याचा पोशाखही घ्या. ऑक्टोबरात कोण पोहणार असं वाटेल. पण गरम पाण्याच्या टबात मानेपर्यंत बसून बाहेरचा गारठा बघायला जी मजा येते तिच्यासाठी एवढीशी जागा द्यायला हरकत नाही.

कमी कपडे पुरतात ते धुता येतात म्हणून. काही जहाजांवर प्रवाशांसाठी वॉशिंग मशीनची खोली असते, काहींवर नसते. आधीच बघून ठेवा. नसली तरी थर्मल आणि मोजे बेसिनमध्ये धुवा, कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पिळा, सकाळपर्यंत सुकतात. इस्त्री मात्र नेऊ नका, आगीच्या भीतीने ती काढून घेतात. चुणी पडणारं कापड म्हणूनच टाळा. केबिनच्या भिंती बहुतेक पोलादी असतात, तेव्हा लोहचुंबकाचे चार हूक घेतलेत तर ओलं जाकीट, टोपी, सॅक सगळं टांगता येतं. कपाटात ओलं कोंबलं की सगळ्या कपड्यांना कुबट वास लागतो.

एवढ्याने तुमची बॅग अशी होते: जाकीट, पफर, फ्लीस आणि एक स्वेटर, थर्मलच्या वरच्या दोन, खालची एक, दिवसाचे चार टॉप, दोन पँट आणि एक काळी, संध्याकाळचे टॉप, तो ठेवणीतला पोशाख, शाल, आतले कपडे सहा जोड, लोकरी मोजे चार, रात्रीचे कपडे, पोहण्याचा पोशाख, बुटांची एक जोडी. यातलं सगळ्यात अवजड तुम्ही अंगावर घालून निघणार, म्हणजे दोघांना मिळून दोन मध्यम बॅगा. एकीत दोघांचं बसवायचा प्रयत्न करू नका, शेवटी भांडण होतं.

तुम्ही दक्षिणेकडे निघालाय, म्हणजे थंडी आधी आणि ऊब नंतर. तेव्हा गरम कपडे वर असू द्या. चढण्याच्या दिवशी मोठ्या बॅगा धक्क्यावर ताब्यात घेतात आणि केबिनच्या दाराशी येईपर्यंत कधी कधी संध्याकाळ होते. तोवर जहाज हललेलं असतं आणि सगळे डेकवर असतात, म्हणून जाकीट, कानटोपी, औषधं आणि कागदपत्रं हातातल्या सॅकमध्येच ठेवा. उतरण्याच्या आदल्या रात्री याच्या उलट: झोपण्यापूर्वी बॅगा दाराबाहेर ठेवायच्या आणि त्या परत दिसतात थेट बॉस्टनच्या धक्क्यावर. सगळं शिस्तीत भरलं आणि सकाळी अंगावरच्या नाइटड्रेसखेरीज काही उरलं नाही, ही फजिती जहाजावरच्या माणसांना नवी नाही. सकाळचे कपडे, बूट आणि जाकीट संध्याकाळीच बाजूला काढा. यजमानांचेही काढा, ते स्वतः काढतील यावर विसंबू नका.